गुरुवारचं जेवण

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

आज अक्काकडे येसराची आमटी, भाकरी आणि भरली वांगी. आमटीचा पहिला भुरका घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं, असं अक्काला सांगितलं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ, पण पुण्यात कुणाला सांगून कळत नाही. आमच्या हिंगोलीकडे लग्नाच्या पंगतीत ही आमटी असायची, बादलीने वाढायचे.

कुमुद गेल्यापासून घरच्या जेवणाची चव विसरलो होतो. योगेश आणि सूनबाई सकाळी ऑफिसला जातात. घरात ओट्स, सॅलड आणि स्वयंपाकाच्या मावशींच्या फिक्या भाज्या. तक्रार नाही. पण परवा फोनवर सहज अक्काला म्हणालो, "तुझ्या हातचं खावंसं वाटतं गं." ती म्हणाली, "मग ये की. गुरुवारी ये."

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, अक्का पंधराची. तिनेच मला भरवून मोठं केलं. आता ती सत्त्याहत्तरची आहे. कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते. भावजींचा छापखाना बंद पडला, मग भावजीही गेले. मूलबाळ नाही. देवाच्या वाती वळून दुकानात देते. "माझं मस्त भागतं," म्हणते.

तर ठरलं. दर गुरुवारी अक्काकडे. कात्रजहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रो. रिटायर माणसाला आठवड्यातून एकदा कुठेतरी जायचं असलं की बरं असतं, आणि तिलाही सोबत होते.

ती माझ्याबरोबर जेवली नाही. गुरुवारचा उपास धरते म्हणाली. संध्याकाळी सोडते.

१७ जानेवारी

रात्री ओट्सची खिचडी. ओट्सची खिचडी करणाऱ्याला खिचडीने काय त्रास दिला होता, कळत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी, ताक. तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी वाढायला अक्का पुढे झाली तेव्हा ताटावर हात आडवा धरला, पण तिने बोटांच्या फटीतून सरकवलीच.

निघताना पाकीट पुढे केलं. तीन गुरुवार फुकट जेवतोय म्हटल्यावर बरं दिसत नाही. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बहिणीकडे आलायस की खानावळीत?" पाकीट गुपचूप खिशात ठेवलं.

रेशनचा विषय निघाला. दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. वाती वळून वळून रेषा गेल्या, म्हणते. "भांडी घासली, वाती वळल्या, आता सरकार विचारतं, तू कोण?" मी खूप हसलो. सत्त्याहत्तराव्या वर्षीही जीभ शाबूत आहे. दुकानदाराशी बोलून घेऊ का, असं विचारणार होतो, पण तेवढ्यात तिने गूळ-शेंगदाणे पुढे केले आणि राहूनच गेलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जाताना मंडईतून आमच्या घरासाठी भाजी घेतली. हरभऱ्याचा पाला, कोवळी गवार, मोठमोठे पेरू. अक्काने पिशवीतली एकेक वस्तू काढून पाहिली. पेरू नाकाशी धरून बराच वेळ वास घेत राहिली. "पूर्वी आपल्या परसात होतं झाड," म्हणाली. मग पुन्हा नीट पिशवीत भरून दिलं. फार नीटनेटकी आहे, गवारीच्या शेंगासुद्धा एका दिशेला लावल्या.

आज वरणफळं होती. तूप सोडलेलं. तूप कुठून आणलंस विचारलं तर म्हणाली, "घरात असतं थोडं." तिचा मात्र नेहमीप्रमाणे उपास.

पातळाखाली तिचे घोटे दिसले. चांगले भरलेत. म्हटलं, "अक्का, अंगावर आलीस की." तिने पाय आत ओढून घेतले. चेहरा तेवढा ओढलेला वाटतो, पण कवळी सैल झालीय, त्यानेही होत असेल. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकतात. म्हातारपणी हाडं बारीक होतात असं कुठेतरी वाचलं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मी सुचवलं, सोमवारीही येत जाऊ का. एवढी सोबत आवडते तर दोन दिवस काय वाईट?

अक्का पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. मग म्हणाली, "गुरुवारच बरा. गोडी राहते."

खरं सांगायचं तर जरा लागलं. आपलं माणूस मोकळ्या मनाने विचारतंय आणि ही गोडीच्या गोष्टी सांगते. परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात होतं. शेवटी वाटलं, एकटं राहून राहून माणसाला स्वतःच्या वेळा जपायची सवय लागते. सोडून दिलं.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पुरणपोळी! कटाची आमटी, भजी, कुरडया. काय पोळ्या होत्या. पातळ, काठापर्यंत पुरण. अक्काने डबाही भरून दिला, योगेश आणि रुपालीसाठी. म्हटलं, "तुला ठेव." म्हणाली, "मला ठेवलंय." झाकलेलं पातेलं दाखवलं.

तिला थंडी वाजत होती. एवढ्या उकाड्यात अंगावर शाल. ओठांच्या कडा फाटल्यात. आणि एक गोष्ट घडली, लिहावी की नको कळत नाही. ताट वाढताना तिने दुसरं ताट घेतलं आणि विचारलं, "कुमुद मागून येतेय ना?"

थोड्या वेळाने तिच्याच लक्षात आलं आणि दुसरं ताट तिने पालथं घातलं. वय आहे. मलाही हल्ली चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.

१४ मार्च

रुपालीने पोळी खाल्ली, छान म्हणाली, आणि मग सुरू केलं. "बाबा, आत्या स्वतः काय खातात?"

"काय म्हणजे? इतका स्वयंपाक करते ती."

"तो तुमच्यासाठी. एरवी? भाऊबीजेला बघितल्या तेव्हा केवढ्या वाळल्या होत्या. एकदा ब्लड टेस्ट तरी करून घेऊ या. मी घेऊन जाते."

मी सांगितलं, आमच्या पिढीला ब्लड टेस्टशिवाय जगता येतं. सुईच्या नावानेच अक्काला घाम फुटतो. योगेश मध्ये पडला, "रूपा, सोड ना, त्यांना छान वाटतंय तर." रुपाली उठून डबा घासायला गेली. तो तिने जरा जास्तच आवाज करत घासला.

आजकालच्या मुलींना कुणी प्रेमाने काही केलं तरी त्यात रिपोर्ट पाहिजे.

२५ मार्च, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शनिवार पेठेत गेलो होतो, लवकर सुटलो. वाटलं, अक्काकडे डोकावू. दुपारचा एक वाजला असेल.

दार नुसतं लोटलेलं. अक्का अंथरुणावर पडून होती. शेजारी बशीत चहा, त्यात बुडवलेला पावाचा तुकडा. मला पाहून धडपडत उठली, भिंत धरली. मी म्हटलं, "अगं पड, पड. बरं नाही का?"

"न सांगता येतात का कुणाकडे?" ती म्हणाली.

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. बशी पदराआड केली. मी म्हटलं, जेवलो नाहीये अजून, काही असेल तर थोडं वाढ, नसेल तर पोहे कर. ती नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "आज नाही. गुरुवारी ये. आज जा तू."

सख्ख्या भावाला दारातून परत पाठवलं. खाली येऊन हॉटेलात डोसा खाल्ला.

२७ मार्च, गुरुवार

आज गेलो नाही. कळवलंही नाही.

बारा वाजता तिचा फोन आला. उचलला नाही. कळू दे जरा. पुन्हा एकदा वाजला, मग नाही.

दिवसभर पेपर वाचला. मावशींनी दुधी केला होता.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी अनोळखी नंबर. अक्काच्या खालच्या मजल्यावरच्या अक्षताचा. "काका, आजी पडल्यात. लवकर या."

आता दवाखान्यातून लिहितोय. खुब्याचं हाड मोडलंय. शुद्ध आहे, पण मला ओळखलं की नाही सांगता येत नाही. स्ट्रेचरवर चादरीखाली माणूस आहे असं वाटतच नव्हतं. योगेशने तिला उचलून पलंगावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

ऑपरेशन झालं. डॉक्टर पूर्णिमा म्हणून आहेत, तिशीतल्या असतील. त्यांनी मला बाहेर बाकावर बसवून विचारलं, "आजी घरी काय खायच्या?"

मी लगेच सांगायला लागलो. येसराची आमटी, भाकरी, वरणफळं तूप घालून, आंबाडी, होळीला पुरणपोळी. त्या लिहीत होत्या. मग पेन थांबवून म्हणाल्या, "हे रोज?"

"नाही. गुरुवारी."

"शुक्रवारी काय खायच्या?"

मला सांगता आलं नाही. शनिवारचंही नाही. शेवटी म्हणालो, "चहा-पाव बघितला होता एकदा."

त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. समजावून सांगितलं. या वयात खाणं कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू खातं. मांड्यांतली ताकद गेली, म्हणून तोल जातो. रक्तातलं प्रोटीन इतकं कमी आहे की पायांत पाणी साठलंय. अशी सूज बघून घरच्यांना वाटतं, तब्येत सुधारली. विसरणं, थंडी वाजणं, ओठ फाटणं, यातलं बरंचसं उपासमारीचं आहे, वयाचं नाही. जखम भरायलाही अंगात काही लागतं, आणि यांच्या अंगात काही नाही. "आणि आता लगेच पेढे-बर्फी भरवू नका. इतके दिवस रिकामं असलेलं शरीर एकदम भरलं तर तेही जिवावर बेततं. चमच्या-चमच्याने जायचं."

दुपारी तिचे कपडे आणायला खोलीवर गेलो. अक्षताने कुलूप उघडलं. ओट्यावर पातेली झाकून ठेवलेली तशीच होती. गुरुवारची. आमटीवर बुरशी आली होती. खीर फाटली होती. ताट मांडलेलं, शेजारी तांब्या-भांडं, पाट. एकच पाट.

डबे उघडून पाहिले. तांदूळ तळाला. चहा, साखर. बाकीचे डबे स्वच्छ पुसून पालथे घातलेले.

"आजी बारा-एक वाजेपर्यंत गॅलरीत उभ्या होत्या," अक्षता म्हणाली. "मी म्हटलं, ऊन लागेल, आत व्हा. तर म्हणाल्या, भाऊ यायचाय. सकाळी दूध द्यायला वर गेले तर दारापाशी पडलेल्या."

मी विचारलं, "तुम्हाला कुणालाच कळलं नाही का?" विचारताना आवाज चढला माझा.

ती गोंधळली. "काका, दर गुरुवारी फोडणीचा एवढा वास यायचा. आम्ही म्हणायचो, आजींचं छान चाललंय, भाऊ बघतो त्यांचं सगळं. तुमच्या हातात भाजीची पिशवी असायची ना."

पातेली मीच घासली. तिला घासू दिली नाहीत.

३ एप्रिल, गुरुवार

अक्का आज बोलली. नर्सने पेज आणली तेव्हा मी म्हणालो, "सिस्टर, आज गुरुवार, तिचा उपास असतो."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "कसला उपास?" म्हणाली.

मग बहुतेक तिला आठवलं. तिने डोळे मिटून घेतले आणि पेजेसाठी तोंड उघडलं.

म्हणजे उपास नव्हताच, गुरुवारीही ती माझ्यासमोर उपाशी बसायची. आणि मी चौथी भाकरी नको नको म्हणत घ्यायचो. ते मागे झाकून ठेवलेलं पातेलं, होळीचं, त्यात काही होतं का? विचारणार नाही.

१२ एप्रिल

अक्काला कात्रजला घरी आणलं. माझी खोली तिला दिली. रुपालीने आठवडाभर सुट्टी काढली आहे. डाळीचं पाणी, मऊ भात, अंड्यातलं पांढरं, दर दोन तासांनी दोन-दोन चमचे. अक्काला अंडं चालत नाही, पण रुपालीने "आत्या, औषध आहे" म्हटलं आणि तिने गिळलं.

स्वयंपाकघरात मी रुपालीला म्हणालो, "तू मार्चमध्येच सांगत होतीस."

ती मिक्सर धूत होती. "हो," म्हणाली. मी अजून थोडा वेळ उभा राहिलो, मग बाहेर आलो.

२२ एप्रिल

टाके सुटले, जखम भरत नाही. पुन्हा ड्रेसिंग. अक्का कण्हत नाही, ओठ आवळून छताकडे बघते. अन्न बघितलं की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाल्या, इतके महिने भूक मारली की ती मरतेच, पुन्हा जिवंत करायला वेळ लागतो.

मला मात्र भूक लागते. हे लिहायला लाज वाटते, पण लागते. आज आमरस होता. दोन वाट्या खाल्ल्या आणि मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

१ मे, गुरुवार

आज तिची तब्येत त्यातल्या त्यात बरी होती. उशीला टेकून बसली. वरणभाताचे चार घास खाल्ले. खोलीत दोघंच होतो. मला राहवलं नाही.

"अक्का, एका शब्दाने सांगायचं होतंस मला."

"काय सांगणार? नागू, माझ्या घरात खायला नाही?"

"हो. तेच सांगायचं."

"मग तू डबा आणला असतास." तिला धाप लागते, थांबत थांबत बोलत होती. "दारात ठेवला असतास. बरी आहेस ना, विचारलं असतंस, आणि पुढच्या गाडीने गेला असतास. जेवायला आला नसतास."

"आलो असतो."

"नसतास," ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्याला पत्ता चुकला म्हणून सांगावं तसं.

मी वाद घालणार होतो. पण भावजी जाऊन सहा वर्षं झाली, त्या सहा वर्षांत गुरुवार सुरू होण्याआधी मी तिच्याकडे किती वेळा गेलो ते आठवून पाहिलं. भाऊबीज. आणि भावजींचं वर्षश्राद्ध. येसराची आमटी खायला मिळणार नसती तर मी दर आठवड्याला तो जिना चढलो असतो का?

"शुक्रवारपासून विचार करायचे," ती म्हणाली, "आता पुढच्या वेळी काय करावं. बाजारात जायचं, निवडायचं, दळायचं. आठवडा कसा जायचा कळायचं नाही."

"आणि खायचं काय?"

तिने हात हलवला, माशी वारावी तसा. "एकट्या माणसाला किती लागतं."

१९ मे

वॉकर धरून दाराशी गेली आणि परत आली. योगेशने टाळ्या वाजवल्या. अक्का म्हणाली, "पुरे, शाळेत पहिली नाही आले मी."

डॉक्टर पूर्णिमांना फोनवर सांगितलं. त्यांना आनंद झाला. पण विचारलं तेव्हा स्पष्ट म्हणाल्या, गेलेले स्नायू या वयात पूर्ण परत येत नाहीत. घरातल्या घरात चालतील. जिना मात्र सोडून द्या.

५ जून, गुरुवार

आज वाटलं, आपण अक्कासाठी येसराची आमटी करू. तिच्याकडूनच विचारून घेतली. ती पलंगावरून सांगत होती, मी गॅसपाशी. येसर जास्त भाजलं गेलं. आमटी काळपट झाली, गुठळ्याही झाल्या. वाटीत घेऊन गेलो.

तिने चमचाभर तोंडात घेतली. बराच वेळ घोळवली.

"कशी झालीय?"

"गरम आहे," अक्का म्हणाली.

पण अर्धी वाटी संपवली. नंतर मी ताट घेऊन तिच्या पलंगाशी बसलो. मी जेवताना ती माझ्या ताटाकडे बघत होती, भाकरी संपत आली की तिचा हात आपोआप उजवीकडे जायचा, टोपली शोधायला. तिथे औषधांच्या बाटल्या आहेत.

२९ जून, रविवार

कसब्यातली खोली सोडली. अक्का पुन्हा तिसरा मजला चढणार नाही हे सगळ्यांना कळलेलं, तिलाही. पण मालकाला किल्ली देईपर्यंत कुणी तोंडाने म्हणालं नव्हतं.

सामान फारसं निघालं नाही. भावजींचा फोटो, देव, दोन ट्रंका. भांडी मात्र बरीच होती, जुनी, जड, एकट्या बाईला कशाला लागावीत इतकी मोठी. आमच्या स्वयंपाकघरात त्यांना जागा नाही. योगेश म्हणाला, भंगारात देऊ या. मी नको म्हणालो. सगळी अक्षताला दिली. तिच्याकडे दोन दीर, नणंद, सासरची माणसं, सतत येणं-जाणं असतं.

संध्याकाळी अक्काला सांगितलं, खोली दिली. तिने मान हलवली. थोड्या वेळाने विचारलं, "मोठी कढई कुणाला दिलीस?"

"अक्षताला."

"बरं केलंस," अक्का म्हणाली. "तिच्याकडे माणसं जेवायला येतात."

मग तिने भिंतीकडे कूस वळवली. मी दिवा लावायला उठलो, पण लावला नाही. बराच वेळ तसाच तिच्या पायाशी बसून राहिलो.